ओ

लिकोमा बेटावरच्या दवाखान्याच्या ओसरीत
लुसुंगूनं लॅपटॉप ठेवलाय वजनकाट्यावर,
बाळांना तोलतात त्या.
टेबल एकच, त्यावर लशींचं रजिस्टर.
काटा दाखवतो: दोन किलो शंभर.
कमी वजनाचं, म्हणते नर्स जाता जाता.

बाहेर, बाओबाबपासून मुद्दाम दूर,
वाळत घातलेल्या कसाव्याच्या शेजारी
पंख पसरून बसलंय पांढरं ड्रोन.
एक कोंबडी त्याच्याभोवती फिरून गेली.
खाण्यासारखं नाही.

रेडिओ दोन. एक त्याच्या पोटात,
एक इथं, यूएसबीच्या शेपटीला.
हिरवा दिवा लुकलुकतो,
लुकलुकतो,
आणि एकदम स्थिर.
लुसुंगू मांडीवर थाप मारते: जुळलं!

पडद्यावर मात्र सकाळपासूनची तीच ओळ:
ठोक्याची वाट पाहत आहे.

ठोका म्हणजे दर सेकंदाला एवढासा निरोप.
त्यात उंची नसते, दिशा नसते, बॅटरी किती उरली तेही नसतं.
मी अमुक, आणि मी आहे.
मी आहे.
मी आहे.
एवढं कानी पडल्याशिवाय
सॉफ्टवेअर पुढचा प्रश्नच विचारत नाही.

केबल बदलून झाली.
पोर्ट बदलून झालं, तीन, मग पाच, मग सात.
अँटेना हलवून झाली खोकल्याच्या औषधासारखी.
लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, जगभर करतात तसा.
लिलाँग्वेला नोकरी लागून गेलेल्या वाकिसाला
मनातल्या मनात दोन शिव्या,
मग एक मोठ्यानं.

बाकावर काझेंबे. चाळीस वर्षं होडी, आता बाक.
बर्फाच्या डब्यात जी बाटली आहे
तिच्यावर त्याचंच नाव.
बोटीनं गेली तर पुढच्या शनिवारी पोचेल,
उत्तर त्याच्या पुढच्या.

तो म्हणतो, पोरी, तू त्याला उंची विचारतेस, बॅटरी विचारतेस,
आधी खुशाली विचारलीस का?
लुसुंगू पडद्यावरून नजर न काढता म्हणते,
सकाळपासून तेच चाललंय, आजोबा.
मग तुझं ऐकू जात नसेल.
जातंय. हा दिवा बघा. ऐकू जातंय.

म्हातारा खोकतो, थुंकीच्या डब्याचं झाकण लावतो.
आमची सून ब्लँटायरची, म्हणतो.
मलाही सगळं ऐकू येतं तिचं.
फार भरभर बोलते.

लुसुंगू काही म्हणत नाही.
उजव्या कोपऱ्यात, जिथं कुणी बघत नाही,
वाकिसानं ठेवलेला आकडा:
एक लाख पंधरा हजार दोनशे.
रेडिओ बोलतोय सत्तावन्न हजार सहाशेनं.
बरोबर निम्म्या वेगानं.
म्हणजे तो केव्हापासून ओ देत होता,
आणि इथं पोचत होती नुसती खरखर,
आणि ही समजत होती, कुणी नाहीच.

आकडा बदलला.
एक सेकंद.
ठोका.
मग धबधबा: साडेआठशे सेटिंगं एकामागून एक,
होकायंत्र, उपग्रह अकरा, बॅटरी शहाण्णव टक्के,
नकाशावर तळ्याच्या निळ्याशेजारी
इवलासा बाण, नाक पूर्वेला.

दिली का ओ? काझेंबे विचारतो.
दिली.
बरा आहे म्हणाला?
लुसुंगूला हसू येतं. होय, आजोबा. म्हणाला, बरा आहे, तुम्ही कसे?
मी असा, म्हातारा म्हणतो, बघतोयस ना,
आणि हे तो ड्रोनकडे तोंड करून म्हणतो.

उडालं मात्र लगेच नाही.
तळ्यावरून म्वेरा सुटला होता, दक्षिणेचा वारा,
लाटांना पांढरे दात.
वाट पाहिली. न्सिमा खाल्ली, उसिपाच्या कालवणाबरोबर,
डाव्या हातानं लॅपटॉपवरच्या माश्या हाकत.
नर्सनं डब्यातला बर्फ दोनदा बदलला.
काझेंबेला बाकावरच डुलकी लागली, तोंड उघडं,
आणि लुसुंगू एकदा त्याच्याकडे,
एकदा पडद्याकडे बघत राहिली.